पाळीव सरड्याला बाहेरची सवय लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या पहिल्या बिअर्डेड ड्रॅगनला, म्हणजे दाढीवाल्या सरड्याला, मी पहिल्यांदा उघड्यावर नेलं, तेव्हा तो तळहातावर अगदी निश्चल बसून राहिला. ऊन छान होतं, तो पळत नव्हता, चावत नव्हता. मला वाटलं, रमला. घरी आल्यावर दोन दिवस त्यानं अन्नाकडे बघितलंसुद्धा नाही. तो रमला नव्हता, भीतीनं थिजला होता, आणि मला ते ओळखता आलं नव्हतं. तेव्हापासून सरडा बाहेर काढला की मी आधी त्याच्याकडे बघते, मग उन्हाकडे.

सरडे नव्यानं पाळणारे जे विचारतात, ते खाली एकत्र केलं आहे. उत्तरं देताना बिअर्डेड ड्रॅगन, इग्वाना, ब्लू-टंग स्किंक, टेगू (जमिनीवर राहणारा मोठा सरडा), शॅमेलिऑन आणि गेको (पालीच्या कुळातले) एवढे प्राणी डोळ्यांपुढे आहेत.

सरड्याला बाहेर न्यायलाच हवं का?

नाही. चांगला यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा), योग्य तापमान आणि पुरेशी जागा असेल तर सरडा जन्मभर घरात निरोगी राहतो. पण उन्हाची सर दिव्याला येत नाही, हेही खरं. सूर्यप्रकाशातल्या यूव्हीबी किरणांमुळे, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या लहरींमुळे, सरड्याच्या कातडीत ड जीवनसत्त्वाचं कच्चं रूप तयार होतं. अंगातल्या उबेनं त्याचं डी३ जीवनसत्त्व होतं. ते यकृत आणि मूत्रपिंडांतून गेलं की आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाऊ लागतं. ही साखळी तुटली की हाडं मऊ पडतात, जबडा लवचिक होतो, पाय वाकतात, बोटं थरथरू लागतात.

अन्नावर भुरभुरायच्या पावडरमधून दिलेलं डी३ जास्त झालं तर अपाय होतो. उन्हात तयार होणाऱ्या डी३चं तसं नाही. गरजेपेक्षा जास्त झालेलं द्रव्य तोच प्रकाश निरुपयोगी पदार्थांत मोडून टाकतो. म्हणून थोडं का होईना, खरं ऊन मिळालं तर मला आनंद होतो.

खिडकीतून येणारं ऊन चालेल का?

खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. काचेतून ऊब मिळते, उजेड मिळतो, पण हाडांसाठी हवं ते मिळत नाही. खिडकी उघडी आणि मध्ये फक्त जाळी असेल तर बराच फायदा होतो. जाळी जितकी दाट, तितके किरण कमी.

तो मुळात उन्हातलाच प्राणी आहे. मग बाहेर आल्यावर का घाबरतो?

कारण त्याच्या डोक्यावरचं छप्पर गेलेलं असतं. बिअर्डेड ड्रॅगन किंवा इग्वानाच्या डोक्यावर मधोमध, दोन्ही डोळ्यांच्या थोडं मागे, एक फिकट ठिपका दिसतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. रानात सावली वरून सरकली तर तो बहुधा शिकारी पक्षी असतो. घरात वाढलेल्या सरड्याला पंखा, दिवा आणि तुमचा हात एवढंच वरून येताना माहीत असतं. अचानक त्याच्या डोक्यावर अख्खं आभाळ येतं आणि त्यात फांद्या हलतात, पाखरं उडतात. त्यात वारा, अनोळखी वास आणि पायाखालची थरथर. आपल्याला मोकळं वाटतं ते मैदान त्याच्या लेखी लपायला कुठेही जागा नसलेलं ठिकाण असतं.

म्हणून हातही कधी वरून नेऊ नका. बाजूनं, त्याला दिसेल असा, खालच्या पातळीवरून न्या. घरात वरून उचललेलं जो सरडा सहन करतो, तोच बाहेर त्याच हाताला दचकून उडी मारतो.

कुठल्या जातींना बाहेर नेता येतं आणि कुठल्यांना नको?

बिअर्डेड ड्रॅगन सर्वांत सोपा. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला हा दिवसा वावरणारा सरडा, त्यामुळे ऊन खाणं त्याच्या अंगात मुरलेलं आहे. ब्लू-टंग स्किंक, म्हणजे निळ्या जिभेची सापसुरळी, बाहेर चांगली रमते, फक्त तिला तोंड खुपसायला पाला किंवा झुडूप हवं. टेगू हुशार असतो, माणूस ओळखतो, सवयही पटकन लावून घेतो, पण जमीन उकरून क्षणात नाहीसा होऊ शकतो. हिरवा इग्वाना शेपटीसह दीड मीटरपर्यंत वाढतो. त्याची ओढ वर चढण्याकडे असते, आणि तो एकदा झाडाच्या शेंड्यावर गेला की तुमचं काही चालत नाही.

शॅमेलिऑनला हाताळणं आवडत नाही. त्याला फिरायला नेऊ नका. झाडं लावलेला उंच जाळीचा पिंजराच बाहेर ठेवा आणि लांबून बघा. त्यानं उन्हाकडची बाजू गडद केली आणि तो तिथे ऐसपैस बसला, की समजा जमलं.

गेकोंची गोष्ट वेगळी. लेपर्ड गेको संधिप्रकाशात बाहेर पडणारा प्राणी आहे, त्याला भर उन्हात बसवणं म्हणजे छळ. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, आडोसा असलेल्या डब्यात, काही मिनिटं पुरे. क्रेस्टेड गेको २८ अंशांच्या वर गेलं की त्रासतो, त्याला मी बाहेर नेतच नाही.

एक गोष्ट विक्रेते फारशी सांगत नाहीत. अल्बिनो, म्हणजे जन्मतः रंगद्रव्य कमी असलेल्या, गेकोंच्या डोळ्यांना उजेड सहन होत नाही, आणि खवले नसलेले 'सिल्कबॅक' ड्रॅगन उन्हात चक्क भाजतात. अशा प्राण्यांसाठी या पानावरचा उन्हाचा भाग वगळा.

नुकताच आणलेला सरडा कधी बाहेर काढावा?

आधी त्याला घर ओळखू द्या. तीन-चार आठवडे नीट खातोय, शी नियमित करतोय, हातावर येताना फुगत नाही, एवढं झालं की विचार करा. अगदी लहान पिल्लं टाळा. ती लवकर तापतात, लवकर सुकतात आणि फटीतून निसटतात. कात टाकताना, अंडी पोटात असताना, थंडीतल्या झोपेत असताना किंवा आजारपणात बाहेर नेऊ नका.

सवय लावायला सुरुवात कुठून करायची?

घरातून. हे वाचून पुष्कळांची निराशा होते, पण पी हळद नि हो गोरी असं इथे चालत नाही.

आधी एक डबा किंवा छोटी पेटी ठरवा. ती काही दिवस त्याच्या राहायच्या काचेच्या टाकीशेजारी उघडी ठेवा, आत त्याच्याच टाकीतलं फडकं अंथरा आणि आवडतं खाणं तिथेच द्या. सरडा जिभेनं वास घेतो. जिभेवर आलेले कण टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे जातात आणि तिथे त्याला जागा ओळखू येते. ओळखीच्या वासाचं फडकं म्हणजे त्याच्यासाठी घराचा एक तुकडा. तो आपणहून पेटीत शिरून बसू लागला की पहिली पायरी झाली.

मग ती पेटी उघड्या खिडकीजवळ ठेवा. बाहेरचे आवाज, वारा, वास आत येतील, पण डोक्यावर छप्पर राहील. पाच मिनिटं, मग परत. असं आठवडाभर करा.

त्यानंतर जाळीचा पिंजरा बाहेर. त्याचा निम्मा भाग वरून आणि तीन बाजूंनी कापडानं झाका. पेटी त्या झाकलेल्या भागात ठेवा, दार उघडा आणि बाजूला बसून राहा. त्याला बाहेर ओढू नका, पेटी वाकडी करून ओतू तर अजिबात नका. पहिल्या दिवशी कदाचित नाकही बाहेर येणार नाही. दुसऱ्या दिवशी डोकं दिसेल. मग एक दिवस तो हळूच येऊन उन्हाच्या कडेला बसेल, अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. तो क्षण मला अजूनही तितकाच आवडतो.

पिंजऱ्यात तो ऊन-सावलीत स्वतः ये-जा करू लागला, बाहेर असताना एखादं पान किंवा किडा खाल्ला, की मगच मांडीवर घेणं, हार्नेस (अंगाला बांधायचा दोरीचा पट्टा), अंगणातली फेरी वगैरे. जागा आणि वेळ शक्यतो तीच ठेवा. रोज नवं ठिकाण दाखवलं तर प्रत्येक दिवस त्याला पहिलाच वाटतो.

किती दिवस लागतात?

काही ड्रॅगन दोन आठवड्यांत रुळतात. इग्वानाला महिने लागू शकतात. वेळेपेक्षा मी एक खूण बघते: घाबरणाऱ्या प्राण्याच्या तोंडात घास जात नाही. बाहेर खाल्लं तर पुढे जा, नाही खाल्लं तर एक पायरी मागे या.

शांत बसलाय. आरामात आहे की घाबरलाय?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि माझी पहिली चूकही इथेच झाली.

आरामात असलेला सरडा 'शांत' असला तरी जिवंत वाटतो. डोळे फिरतात, मान थोडी वर असते, मधूनमधून जिभेनं जमीन चाखतो, अंग सैल असतं, श्वास संथ चालतो. मागचे पाय ऐसपैस पसरलेले असतात. थोड्या वेळानं जागा बदलतो.

थिजलेल्या सरड्याचं सगळं आवळलेलं असतं. पोट जमिनीला चिकटलेलं, पाय अंगाशी घेतलेले, डोळे टक्क उघडे किंवा घट्ट मिटलेले, श्वास भरभर, जीभ अजिबात बाहेर नाही. हात जवळ नेला की फुगतो किंवा अचानक सुसाट सुटतो. डोळे मिटून बसणं तर फार फसवं असतं. आपल्याला वाटतं, डुलकी लागली. दिवसा, नव्या जागी, हातात असताना सरडा डोळे मिटत असेल तर बहुधा त्याला समोरचं नकोसं झालेलं असतं.

रंगही बघा. सरड्यासारखा रंग बदलतो असं आपण लबाड माणसाला म्हणतो, पण पाळणाऱ्यासाठी सरड्याचा रंग म्हणजे उघडं पुस्तक आहे. सकाळी बिअर्डेड ड्रॅगनची पाठ गडद झाली तर तो ऊब गोळा करतोय, अंग तापलं की ती फिकट होते. यात काळजीचं काही नाही. पण हनुवटीखालची दाढी काळी होऊन फुगली तर तो भ्यालाय किंवा चिडलाय. पोटावर गडद रेघा-ठिपके उठले तर तोही ताणच. पुढचा एक पाय उचलून तो संथपणे गोल फिरवत असेल तर लोक कौतुकानं 'टाटा करतोय' म्हणतात. तो खरं तर शरण आलाय: मी लहान आहे, मला काही करू नकोस. तेव्हा त्याच्यासमोर काय आहे ते शोधा आणि दूर करा. पुष्कळदा ते काचेतलं त्याचंच प्रतिबिंब असतं.

इग्वानानं गळ्याखालची झालर ताणली, अंग बाजूनं चपटं केलं, शेपूट वळवली, तर मागे सरका. त्या शेपटीचा फटका जबर बसतो.

उन्हात तोंड उघडून बसतो. तहान लागली का?

बहुधा अंग पुरतं तापलंय आणि तो जादा उष्णता बाहेर टाकतोय. सरड्याला घाम येत नाही. तोंड उघडलं की त्याला सावली मिळालीच पाहिजे. ती शेजारी असेल तर तो स्वतः जाईल, नसेल तर तुम्ही हलवा. तोंडासोबत नाकाशी बुडबुडे, चिकट लाळ किंवा श्वासाचा आवाज असेल तर तो छातीचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

किती तापमानाला बाहेर न्यावं?

बिअर्डेड ड्रॅगनसाठी हवा २५ ते ३३ अंश, ऊन स्वच्छ आणि वारा मंद असेल तर उत्तम. घरातल्या टाकीत दिव्याखालची जागा ३८ ते ४२ अंश असते म्हणून बाहेरही ४० अंश हवेत चालेल, असा हिशेब काही जण करतात. तो चुकीचा आहे. टाकीत एक कोपरा तापलेला आणि दुसरा थंड असतो. बाहेर सगळी हवाच ४० अंश झाली तर पळून जायला थंड कोपरा उरत नाही. हवा २० अंशांच्या खाली असेल तर कुठलाही पाळीव सरडा घरातच बरा.

जमिनीचं तापमान वेगळं मोजा. फरशी, दगड, वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर जागा बदला. पोटाखालची जागा तापलेली असली तरी सरडा भाजेपर्यंत तसाच बसून राहू शकतो.

वेळ म्हणाल तर सकाळचं कोवळं ऊन किंवा दुपार कलल्यावरचं. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, रुळल्यावर अर्धा तास. पातळ ढगांतूनही यूव्हीबी येतं, पण ऊब येत नाही, म्हणून ढगाळ दिवशी अंग गार पडतंय का ते हात लावून बघत राहा.

काचेची टाकीच उन्हात नेऊन ठेवली तर?

कधीही नको, दोन मिनिटांसाठीही नको. काच ऊन आत घेते, उष्णता अडकवते. झाकण उघडं असलं तरी आतली हवा बघता बघता जीवघेणी तापते आणि सरड्याला पळायला जागा नसते. प्लास्टिकचा बंद डबा आणि उभी गाडी यांनाही हेच लागू. उष्माघातानं गेलेला सरडा बहुतेक वेळा 'जरा ऊन मिळू दे' म्हणून प्रेमानंच ठेवलेला असतो.

हार्नेस बरा की नुसता हातात धरून?

बाहेर मोकळा हात कधीच नको. घरात सुस्त असणारा सरडा ऊन लागल्यावर वेगळाच प्राणी होतो. अंग तापलं की स्नायू वेगानं चालतात, आणि ज्याला तुम्ही कधी पळताना पाहिलं नाही तो डोळ्यांदेखत झुडपात गेलेला असतो.

हार्नेस मऊ कापडाचा किंवा चामड्याचा घ्या, पुढच्या दोन पायांतून जाकिटासारखा बसणारा. गळ्याभोवती नुसता फास असलेला नको. सरड्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, तो फासळ्या हलवून श्वास घेतो, त्यामुळे छातीवर पट्टा आवळला तर थेट श्वासच कोंडतो. पट्टा आणि अंग यांच्यात तुमच्या करंगळीचं टोक जाईल एवढी ढील ठेवा. आधी घरात घालून ठेवा, दोन मिनिटं, पाच मिनिटं, खाऊ देऊन. त्याची पाठ वाकडी होत नाही आणि तो उलटा चालत पट्टा काढायचा प्रयत्न करत नाही, असं झालं की बाहेर.

कुत्र्यासारखं ओढत चालवू नका. सरडा पुढे, तुम्ही मागे. आणि दोरी कशाला तरी बांधून 'आलेच' म्हणून आत जाऊ नका. गुंतून लटकलेले सरडे मी पाहिले आहेत.

लेपर्ड गेकोसारख्या नाजूक कातडीच्या आणि शेपूट टाकणाऱ्या प्राण्यांना हार्नेस घालूच नये. त्यांना जाळीचा डबा.

खांद्यावर बसवून फिरवलं तर चालेल?

घरात चालेल. बाहेर एखादा ट्रक गेला, कुत्रं भुंकलं, तर उडी थेट रस्त्यावर पडते. हार्नेस असेल आणि जागा निवांत असेल तर थोडा वेळ. गर्दीत नको. तिथे सरड्याचं काहीही भलं होत नाही.

बाहेर दिसलेला किडा त्यानं खाल्ला तर?

एखादी मुंगी किंवा नाकतोडा गेला म्हणून घाबरू नका, पण सवय लावू नका. रानातल्या किड्यांतून जंत येतात आणि फवारणीचं विष येतं. एका किड्याबाबत मात्र कसलीही सूट नाही: काजवा. काजव्याच्या अंगात हृदयावर आघात करणारं विष असतं, आणि एका काजव्यानं बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. घरच्या सरड्याला हा किडा ओळखीचा नसतो, त्यामुळे तो बेधडक गिळतो. काजवे असतात त्या जागी संध्याकाळी नेऊ नका. तसं झालंच तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

झाडांमध्ये कण्हेर आणि धोतरा जवळपास नसावेत. गवतावर गेल्या काही आठवड्यांत तणनाशक किंवा खत मारलंय का, हे विचारल्याशिवाय सरडा खाली ठेवू नका. जिभेनं जग चाखणारा प्राणी जमिनीवरचं सगळंच पोटात घेतो.

मांजर किंवा कुत्रा शांत असेल तर जवळ असलेला चालेल का?

नाही. मांजराचा नुसता दात लागला, रक्त आलं नाही, तरी त्याच्या तोंडातले जंतू आत गेलेले असतात आणि काही दिवसांत सरडा जाऊ शकतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कावळ्या-घारींसाठी पिंजऱ्याला वरून जाळी हवीच, आणि तुम्ही तिथे बसलेले हवेत.

दोन सरडे एकत्र बाहेर न्यावेत का?

नको. ऊन लागलं की नरांचं डोकी हलवणं, दाढी काळी करणं सुरू होतं आणि गोष्ट चावण्यावर जाते. एकावर एक चढून बसलेले दिसतात ते प्रेम नसतं, वरचा खालच्याचं ऊन बळकावत असतो.

पळाला! आता काय करू?

आधी धावू नका. पाठलाग केला तर तो आणखी लांब जाईल. सरडा वेगानं पळतो, पण पटकन थकतो, मग पहिल्या आडोशात शिरून गप्प बसतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण अशा वेळी धीर देते. तो बहुधा काही मीटरच्या आतच असतो. जिथे शेवटचा दिसला तिथे एका माणसाला नजर न हटवता उभं करा. बाकीच्यांनी कुंडीमागे, विटांच्या फटीत, पायरीखाली, भिंतीच्या बुडाशी बघावं. इग्वाना आणि शॅमेलिऑन असेल तर वर बघा.

सापडला नाही आणि अंधार पडला तर त्याची पेटी, ओळखीचं फडकं आणि पाणी तिथेच ठेवा. दुसऱ्या दिवशी ऊन जमिनीवर पडायच्या आधी जाऊन बसा. रात्रीच्या गारव्यानं जड झालेला सरडा सकाळी पहिल्या उन्हाच्या तुकड्यावर येतो, आणि त्या वेळी तो सावकाश असतो. माझा ड्रॅगन मला असाच तिसऱ्या सकाळी एका दगडावर मिळाला. गेको असेल तर उलट करा, रात्री विजेरी घेऊन शोधा.

पकडताना शेपटीला हात नको. लेपर्ड गेको आणि इग्वाना शेपूट टाकतात, ती पुन्हा वाढते पण पहिल्यासारखी नाही. क्रेस्टेड गेकोची तर पुन्हा येतच नाही. तुटलीच तर टाकीत वाळू-मातीऐवजी कागद अंथरा, जखम स्वच्छ ठेवा, रक्त थांबत नसेल तर डॉक्टर.

उन्हाळ्यात कायम बाहेरच्या पिंजऱ्यात ठेवला तर?

अनुभवी माणसानं, त्या जातीला मानवणाऱ्या हवेत, नीट बांधलेल्या पिंजऱ्यात ठेवावा. ऊन, दाट सावली, पाणी, पावसापासून आडोसा, खालून उंदीर येणार नाही अशी जमिनीत गाडलेली जाळी आणि कुलूप, एवढं हवं. रात्रीचं तापमान रोज बघायला हवं. पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊ नका.

गारठ्यानं काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडात दिसतं. तिथे पाळलेले आणि मग सुटलेले हिरवे इग्वाना रानात वाढले आहेत. जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान कार्यालयानं लोकांना इशारा दिला होता, की थंडीनं बधिर झालेले इग्वाना झाडांवरून पडू शकतात. ते मेलेले नसतात, अंगच हलत नसतं. तुमचा सरडा एखाद्या गार रात्री बाहेर राहिला तर त्याची अशीच गत होते.

सांभाळणं जमत नाही. बाहेर त्याला आवडतं, तर तिथेच सोडून देऊ का?

नाही. एक तर तो उपाशी किंवा थंडीनं मरेल, नाहीतर तगेल आणि तिथल्या प्राण्यांची अंडी-पिल्लं खाईल. फ्लोरिडानं २०२१ मध्ये हिरवा इग्वाना आणि टेगू दोघांनाही बंदी घातलेल्या जातींत टाकलं, ते याच कारणानं. दुसरं घर शोधा, प्राण्यांच्या निवारा केंद्राला विचारा. आणि रानातला सरडा, सांडा किंवा घोरपड पकडून पाळू नका. अनेक देशांत तो गुन्हा आहे, आणि त्या जिवाला ते सोसतही नाही.

बाहेर लोक हात लावू का विचारतात. लावू द्यावा?

मी नम्रपणे नाही म्हणते. सरड्याला ते नको असतं, आणि दुसरं कारण साल्मोनेला. निरोगी सरड्याच्या आतड्यातही हे जंतू असतात, कातडीवर लागतात. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, म्हातारी किंवा आजारी माणसं यांनी हात लावूच नये. तुम्हीही परतल्यावर साबणानं हात धुवा, स्वयंपाकघरात त्याची भांडी धुऊ नका.

घरी आल्यावर काय करायचं?

अंगावरून बोटं फिरवून बघा: काखेत, कानाच्या भोकाशी, बोटांच्या मध्ये गोचीड किंवा बारीक हलणारे ठिपके आहेत का. पायाला दोरा गुंतलाय का. ड्रॅगनला कोमट, खांद्यापर्यंतच येईल एवढ्या पाण्यात दहा मिनिटं बसवा, शॅमेलिऑनच्या पानांवर पाणी फवारा. मग दिव्याखाली त्याच्या जागी सोडा आणि त्या दिवशी पुन्हा हातात घेऊ नका. खाणं झाल्यावर लगेच गार हवेत नेऊ नका, पचायला त्याला ऊब लागते.

आता तो काचेवर सारखा पंजे मारतो. बाहेर जायचा हट्ट का?

असूही शकतं. आधी टाकी लहान आहे का, फार तापलीय का, प्रतिबिंब दिसतंय का, हे तपासा. सगळं ठीक असेल तर ठरलेल्या वेळी न्या, पंजे मारल्याबरोबर नको. पंजे मारले की दार उघडतं, हे तो फार लवकर शिकतो.

महिने झाले, सगळं केलं, तरी घाबरतोच. काय चुकतंय?

कदाचित काहीच नाही. काही सरड्यांना आभाळ नकोच असतं. माझ्याकडच्या एका स्किंकला मी आठ महिने हळूहळू सवय लावत होते. ती प्रत्येक वेळी पेटीच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यात जाऊन बसायची. शेवटी मी थांबले. तिची टाकी मोठी केली, खोल पाला भरला, यूव्हीबीची नळी बदलली आणि पुढची नळी वर्षभरात बदलायची म्हणून भिंतीवर तारीख लिहून ठेवली. उन्हाळ्यात तिची खिडकी उघडते आणि जाळीतून जेवढं ऊन येतं तेवढं येऊ देते. ती पाल्यातून अर्धं डोकं बाहेर काढून त्यात बसते.